पोफळीचे पैसे आणि सोळा जीबी

आयटीत काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. पगार किती, आणि कॉम्प्युटर कुठला घ्यावा? पहिल्याचं उत्तर हसून टाळता येतं. दुसऱ्याचं टाळलं तर "मग इंजिनिअरिंग कशाला केलंस?" हे ठरलेलं! आपण दिवसभर कुणाच्या तरी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, कॉम्प्युटरचं झाकण उघडायचा योग वर्षातून एकदा येतो, हे कुणाला सांगणार?

यंदा, म्हणजे २०२६ च्या फेब्रुवारीत, हा प्रश्न दिवेआगरहून आला. मामाचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला गेमिंग पीसी हवा होता. (घरी सांगताना "प्रोजेक्टसाठी". आपण सगळे याच मार्गाने गेलोय.) बजेट पन्नास हजार, मॉनिटरसकट. मुंबई-पुण्यातल्या गेमर मंडळींनी आकडा ऐकून नाक मुरडायच्या आधी तो कुठून आला ते सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. मामाच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या. आता पोफळ काही मेथीची भाजी नाही. रोप लावल्यापासून धरायला पाच ते सात वर्षं लागतात. निसर्गनंतर लावलेल्या झाडांपैकी काही झाडं यंदा पहिल्यांदा धरली. वाचलेल्या जुन्या झाडांची आणि या नव्या झाडांची मिळून जी सुपारी विकली, त्यातले हे पन्नास हजार. मामाची अट एकच होती. "मला दर वर्षी खिशात हात घालायला लावू नका. काय ते एकदाच सांग, पण नीट सांग."

इकडे चिरंजीवांनी यादी तयारच ठेवली होती. पहिलीच ओळ: ३२ जीबी, डीडीआर५, ६०००, आरजीबी.

"आरजीबी कशाला रे?"

"दादा, त्याला दिवे लागतात."

मागून मामाचा आवाज आला, "घरातले लागले तरी पुरे."

विनोद सोडा, पण त्या यादीने मला विचार करायला लावलं. कमी बजेटचा पीसी बांधताना प्रोसेसरवर सगळे बोलतात, ग्राफिक्स कार्डावर भांडतात आणि रॅम मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, आकडा मोठा दिसेल तशी उचलतात. पूर्वी ते खपून जायचं, कारण रॅम स्वस्त होती. २०२५ च्या सुरुवातीला अशा मशीनमध्ये सोळा जीबी रॅम साधारण प्रोसेसरच्या एक तृतीयांश किमतीत यायची. या वेळी मी कोटेशनं मागवली तेव्हा दोघांचे आकडे शेजारी शेजारी येऊन बसले होते! (नेमके भाव मुद्दामच लिहीत नाही. शनिवारी लिहिलेला भाव सोमवारी शिळा, अशी परिस्थिती आहे.)

हे असं का झालं? जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात. कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची खास, थरावर थर रचलेली मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात. पण तिथे नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर करार जाहीर केला, त्यातला आकडा होता महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. काही महिन्यांत डीडीआर५ चे भाव दुपटीच्या पुढे गेले.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावायला फार बोलावं लागत नाही. होड्या तेवढ्याच, समुद्र तोच. पण मोठ्या हॉटेलवाल्याने धक्क्यावरच येऊन पापलेटाचा अख्खा लॉट रोख उचलला, तर गावच्या बाजारात पापलेट महाग होणारच. मग सगळे बोंबलाकडे वळतात, की बोंबीलही महाग! डीडीआर४ चं तेच झालं. जुनी मेमरी, कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत होत्या, त्यात गिऱ्हाईक वाढलं. २०२५ च्या मध्यात तर काही काळ डीडीआर४ चिपचा घाऊक भाव डीडीआर५ च्याही वर गेला होता.

तर अशा बाजारात पोफळीचे पन्नास हजार घेऊन उतरायचं होतं. इथे 'चांगली रॅम कोणती' हा प्रश्नच कामाचा नाही. 'कुठे थांबायचं' हा खरा प्रश्न आहे.

आधी किती लागते ते बघू. माझ्या मते रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी म्हणजे माळा. ओटा लहान असेल तर दर दोन मिनिटांनी माळ्यावर चढावं लागतं. गेम खेळताना मधेच चित्र अडखळतं ना, त्यातल्या बऱ्याच वेळा कॉम्प्युटर माळ्यावर चढलेला असतो. पण ओटा गरजेपेक्षा दुप्पट केला म्हणून भात लवकर शिजत नाही. मुख्य मुद्दा हा. कमी रॅमने खेळ बिघडतो, जास्त रॅमने तो त्या प्रमाणात सुधारत नाही.

आता आकडे. व्हॅलोरंट किमान ४ जीबी मागतो. काउंटर-स्ट्राइक २ किमान ८. सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये आपली किमान गरज १२ जीबीवर नेली आणि शिफारस १६ ची केली. यात विंडोज ११ आणि मागे उघडा राहिलेला ब्राउझर आपापला हिस्सा घेतात. म्हणजे ८ जीबीत जेमतेम उभं राहता येतं, १६ मध्ये नीट बसता येतं, ३२ मध्ये पाय पसरता येतात. पन्नास हजारांत पाय पसरायचे नसतात. पहिल्या ओळीतले ३२ तिथेच कापले.

दुसरा प्रश्न, डीडीआर४ की डीडीआर५? दोन्हींना पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणजे रॅम निवडताना आपण खरं तर मदरबोर्ड आणि प्रोसेसरही निवडत असतो. एएमडीचं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं, एएम४ फक्त डीडीआर४. डीडीआर५ चा रस्ता काही वाईट नाही, उलट पुढचे प्रोसेसर त्याच बोर्डावर बसतील. एएम४ म्हातारं झालंय, २०१७ चे पहिले रायझन याच सॉकेटवर आले होते. पण मी दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली. डीडीआर५ च्या बाजूला बोर्ड महाग, रॅम महाग, आणि बेरीज बजेटात बसवायला यादीतला यूपीएस काढावा लागत होता.

यूपीएस? गेमिंग पीसीत? शहरातल्या मित्रांनी हाच प्रश्न विचारला. अहो, रॅमचा गुणधर्मच हा की वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं. ज्या गावात पावसाळ्यात फांदी पडली की फीडर बंद, तिथे रॅम ६००० ची आहे की ३२०० ची, याने काय फरक पडणार? प्रोजेक्ट असो नाहीतर गेम, सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळणं ही तिथली पहिली गरज आहे. जाहिरातीतल्या तुलनेच्या तक्त्यात हा रकाना नसतो, कारण ते तक्ते बनवणाऱ्यांच्या घरी वीज जात नसावी. यूपीएस राहिला, डीडीआर५ गेली. भाऊ अर्धा दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि दुकानात सर्वात जास्त फसगत होते ती इथे. सोळा जीबीची एक स्टिक घ्यायची की आठ-आठच्या दोन? या बजेटात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं. म्हणून रायझन ५ ५६००जी घेतला, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. अशा प्रोसेसरला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, तो आपल्या रॅममधूनच जागा घेतो आणि त्याच रस्त्याने चित्राचा सगळा माल नेतो-आणतो. मग रस्ता किती रुंद आहे हे बघावं लागतं. हिशोब अगदी शाळेतला आहे. डीडीआर४-३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ बाइट. गुणाकार केला की २५.६ जीबी दर सेकंदाला. ही झाली एक स्टिक, एक रस्ता. दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनेलवर लावल्या की रस्ते दोन, ५१.२ जीबी. जीबी तेवढेच, पैसे जवळपास तेवढेच, आणि रस्ता दुप्पट! वेगळं कार्ड असेल तर हा फरक बराच कमी जाणवतो, कारण कार्डाकडे स्वतःची मेमरी असते. पण पोटातल्या ग्राफिक्सला एकच स्टिक म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा एकेरी पट्टा. पुढे ट्रक असला की संपलं.

यावर दुकानदार एक बरोबर मुद्दा मांडतात. "सर, दोनच स्लॉटचा बोर्ड आहे. आज आठ-आठ लावल्या तर उद्या वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील. एक सोळाची घ्या, दुसरी नंतर टाका." खोटं नाही ते. पण 'नंतर' म्हणजे कधी? भाव उतरेपर्यंत पोराने वर्षभर अर्ध्या रस्त्यावर गाडी चालवायची का? यावर उपाय सापडला तो बोर्डात. दोनऐवजी चार स्लॉटचा बोर्ड थोडा महाग पडतो, पण आज दोन भरायचे आणि दोन रिकामे ठेवायचे. मामाला फोनवर हे समजावत होतो तर तो मधेच म्हणाला, "म्हणजे आळी करून ठेवायची, रोपं सवडीने." आमच्या ऑफिसात स्केलेबिलिटीवर तासभराची प्रेझेंटेशनं होतात. एवढं सोपं कुणी सांगितलेलं नाही.

उरला वेग. ३२०० की ३६००? आणि ते सीएल१६, सीएल१८ काय प्रकरण आहे? मागितलेली गोष्ट हाती यायला किती वेळ लागतो ते सीएलवरून कळतं, पण तो आकडा एकटा वाचायचा नसतो. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल१६: दहा. ३६०० सीएल१८: दहा. भावाच्या यादीतली ६००० जर सीएल३० असेल तर तीही दहाच! बिनाकवचाची साधी ३२०० बऱ्याचदा सीएल२२ असते, तिचे पावणेचौदा. मोठ्या आकड्याने रस्ता रुंद होतो हे खरं, पण पहिली गाडी यायला लागणारा वेळ बऱ्याचदा तोच राहतो. आम्ही ३२०० सीएल१६ वर थांबलो. ५६००जी साठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेगही ३२०० च आहे. (इंटेलचा स्वस्त एच६१० बोर्ड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यावर डीडीआर४ ३२०० च्या वर चालत नाही. तिथे ३६०० घेणं म्हणजे अंगणात फिरवायला घोडा घेणं.)

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचाराल तर टॅक्सीवाला तुमच्याकडेच बघत राहील. भाऊ पहाटेच्या एसटीने आला होता. एका दुकानात हीच जोडी बरीच स्वस्त मिळत होती, फक्त बिल मिळणार नव्हतं. भाऊ माझा हात दाबायला लागला. १८ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण रॅमवर मोठे ब्रँड जी लांबलचक वॉरंटी देतात तिचा आधार बऱ्याचदा ते बिलच असतं. ज्याच्या घरापासून दुकान एसटीने पाच तासांवर आहे, त्याने बदलून मिळण्याचा हक्क चार पैशांसाठी सोडू नये. पक्कं बिल घेतलं. भाव आणखी चढतील की उतरतील यावर तिथे प्रत्येक काउंटरला वेगळं भविष्य मिळत होतं. मला एवढंच माहीत आहे की हा धंदा झोपाळ्यासारखा आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वुशी इथल्या हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली तेव्हा भाव चढले. २०१७ मध्ये पुन्हा चढले आणि २०१९ मध्ये चांगलेच उतरले. आजची गरज आज भागवायची आणि चैन झोपाळा खाली येईपर्यंत थांबवायची, यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

मशीन दिवेआगरला जोडलं भावाने, मी फोनवर. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक बसवल्या. (शेजारी शेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि रुंद रस्त्याचे पैसे वाया.) विंडोज चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमधला मेमरीचा वेग वाचायला सांगितला. २४००! "दादा, फसवलं आपल्याला!" नाही रे बाबा. ३२०० ची रॅमही पहिल्यांदा सुरू होताना बऱ्याचदा सुरक्षित वेगाने चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. त्याने केलं, ३२०० दिसलं. कितीतरी लोक महागडी रॅम घेऊन वर्षानुवर्षं ती अशीच हळू चालवत असतील, कारण हे एक बटण त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे तो, फुकट!

शेवटची सूचना खास किनाऱ्यासाठी. खारी, दमट हवा पत्र्याच्या गेटला सोडत नाही, ती कॉम्प्युटरला काय सोडणार? रॅमच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो अगदी पातळ, आणि खालचा धातू खारट ओलाव्याने खराब होऊ शकतो. पावसाळ्यानंतर एखाद्या दिवशी मशीनने नुसतंच टूं-टूं केलं आणि पडदा काळा राहिला, तर घाबरायचं नाही. प्लग काढायचा, रॅम काढायची, पट्टी मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसायची, चुरा झटकायचा, परत बसवायची. गावोगावचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले वर्षानुवर्षं हेच करत आलेत. आणि मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवायचं, आतल्या उबेने ओल धरत नाही. भिंतीला चिकटवून मात्र ठेवायचं नाही.

थोडक्यात काय, तर पैसे मोजके असतील तेव्हा आधी जीबी पुरेसे घ्या, मग जोडी करा, मग पुढची जागा राखा, आणि वेगाचा विचार सगळ्यात शेवटी. दिव्यांचा तर नकोच.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सेटिंग कमी करून व्यवस्थित चालतात असा दिवेआगरचा अहवाल आहे. सायबरपंकचं नाव ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत काढायचं नाही, असं ठरलंय. कार्डासाठी भाऊ सुट्टीच्या मोसमात एका होमस्टेवर काम करणार आहे म्हणतो. मामाने अजून दोनदाच विचारलंय की दोन आळी रिकामी का. भाव उतरले की बघू, असं मी सांगितलंय. पोफळीसाठी जो माणूस सहा वर्षं थांबला, त्याला हे उत्तर पटायला वेळ लागला नाही.